सुका की ओला?

नवरात्रातली पाचवी की सहावी माळ होती. नातीचे नाक चोंदले होते, म्हणून नाकात घालायचे सलाइनचे थेंब आणायला मी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले होते. माझ्या पुढे पंचविशीतला एक तरुण उभा होता. हातांवर वाळलेल्या सिमेंटचा पांढुरका थर, खांद्यावर दीड-दोन वर्षांचे मूल, आणि ते मूल सारखे खोकत होते. खोकल्याची उबळ आली की त्याचे सगळे अंग बापाच्या खांद्यावर आदळल्यासारखे होई आणि मग ते पुन्हा मान टाकून पडे. "खोकल्याचं कायतरी द्या, दोन रात्री झोपला नाही," तो म्हणाला. काउंटरमागच्या मुलाने मान वर न करता विचारले, "सुका की ओला?" तरुण क्षणभर गोंधळला. त्याने मुलाच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाला, "ओला असंल." एक बाटली काउंटरवर आली. "अर्धा चमचा, तीन टाइम." त्याने घडी केलेली नोट काढली, सुटे पैसे घेतले, बाटली खिशात कोंबली आणि तो निघून गेला. दोन मिनिटांत सगळे आटोपले. मुलाचे वय कोणी विचारले नाही, वजन विचारले नाही, ताप आहे का तेही विचारले नाही. मीही विचारले नाही. प्रश्न अगदी ओठांवर आला होता, पण परक्या माणसाला कसे विचारावे या संकोचात तो तिथेच राहिला.

त्या मुलाच्या सदऱ्याची सगळी बटणे गळ्यापर्यंत लावलेली होती, हे मात्र मला अजून स्पष्ट दिसते.

पुढच्या आठवड्यात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या बातम्या येऊ लागल्या. परासिया तालुक्यातली लहान लहान मुले, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. साधा सर्दी-खोकला, थोडा ताप, म्हणून खोकल्याचे सिरप दिले गेले. आणि काही दिवसांत लघवी बंद झाली, अंगावर सूज आली, मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांतल्या अनेकांना आपल्या नागपूरला आणले गेले, आणि वीसहून अधिक मुले पुन्हा घरी गेली नाहीत. तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघाले. औषधात या विषाची मर्यादा ०.१ टक्का असते. गाडीच्या ब्रेक ऑइलसारख्या गोष्टींत वापरला जाणारा हा द्रव दिसायला ग्लिसरीनसारखा आणि चवीला गोड असतो. वर्तमानपत्र हातात धरून मी त्या 'गोड' या शब्दापाशी थांबले. आमची नात औषधाचा चमचा दिसला की तोंड घट्ट मिटून घेते, पण गुलाबी गोड सिरप असेल तर ती स्वतःहून आ करते आणि संपल्यावर "अजून" म्हणते. त्या घरांतही एखादे मूल "अजून" म्हणाले असेल, आणि आईने मायेने आणखी चार थेंब दिले असतील. हे मनात आल्यावर मला पुढची बातमी वाचवेना. त्या तरुणाच्या खिशात कोणती बाटली गेली हे मला ठाऊक नाही. ती पूर्णपणे निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक आहे, हे मी स्वतःला अनेकदा समजावले. तरीही रात्री डोळे मिटले की काउंटरवर टेकलेला तो सिमेंटचा हात दिसत राहिला.

ही बातमी मी आयुष्यात दुसऱ्यांदा वाचत होते. १९८६ साली आम्ही डोंबिवलीला राहत होतो आणि माझा मुलगा दोन वर्षांचा होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, कारण त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये हेच विष होते. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि रोज पेपरांत त्याच्या सुनावण्या छापून येत. लोकलच्या डब्यात बायका भाजी निवडता निवडता त्यावर बोलत. १९३७ साली अमेरिकेत याच द्रवाने शंभराहून अधिक माणसे मेली होती, हे मी फार पुढे वाचले. २०२२ साली अशाच सिरपने गांबियातली मुले गेली, तेव्हा त्या देशाचे नाव मी नातवंडांच्या नकाशात शोधले. औषधाच्या कारखान्यात येणारे प्रत्येक पिंप उघडून तपासावे, एवढ्या एका कामात इतक्या वेळा कुचराई होते आणि प्रत्येक वेळी आयोगाची, अटकेची, बंदीची तीच भाषा वापरली जाते, याचा मला मनापासून संताप येतो. वयाबरोबर तो कमी झालेला नाही.

पण १९८६ ची ती बातमी वाचूनही मी मुलाला औषधे देणे थांबवले नव्हते, उलट वाढवलेच होते. त्याला कारण घडले होते. त्याच हिवाळ्यात एका रात्री मुलाला ताप चढला. त्याचे वडील रात्रपाळीला गेलेले, घरात आम्ही दोघेच. मी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कपाळावर ठेवत होते आणि त्याचे डोळे अचानक वर गेले, दात घट्ट मिटले, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागले. माझी किंकाळी ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी मुठीने कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला, दुसऱ्या कोणी दातांत चमचा घालायला सुरुवात केली. ते सगळे दोन-तीन मिनिटांत थांबले आणि मूल गाढ झोपले. मला मात्र तो काळ संपतच नव्हता असे वाटले. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात अशी आकडी काही मुलांना येते, ती बहुधा पाच मिनिटांच्या आत थांबते, अशा वेळी मुलाला कुशीवर वळवून ठेवायचे आणि तोंडात काहीही घालायचे नाही, थांबली नाही तर मात्र तडक दवाखाना गाठायचा, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. तापाचे औषध दिल्याने ती टळतेच असेही नाही. त्या रात्रीनंतर मात्र मुलाचे अंग जरा कढत लागले की माझा हात कपाटातल्या बाटलीकडे जाई. नाक गळले की एक बाटली, खोकला आला की दुसरी, झोप लागत नसली की तिसरी. त्या कपाटाला एक विशिष्ट वास असे. सांडून चिकट झालेल्या सिरपचा, थोडा संत्र्याचा, थोडा कापराचा. आजही कुठे तो वास आला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

म्हणूनच नातीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत खोकल्याचे औषध लिहून दिले नाही, तेव्हा माझे समाधान झाले नव्हते. ती तेव्हा सव्वा वर्षाची होती, नुकतीच पाळणाघरात जाऊ लागली होती, आणि दर पंधरा-वीस दिवसांनी नवी सर्दी घरी आणत होती. या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे हे आजारपणाचे लक्षण नव्हे, शरीर एकेका विषाणूची ओळख करून घेत असते, आणि सर्दी गेल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, असे त्यांनी सांगितले. मी म्हटले, "पण रात्री झोपत नाही हो ती." त्या म्हणाल्या, "आजी, ती झोपते. खोकते, कूस बदलते आणि परत झोपते. जागे तुम्ही असता." त्या हे अगदी हळुवारपणे बोलल्या, तरी मला ते लागले. घरी येऊन मी त्या रात्री नीट पाहिले आणि ते खरे निघाले. लहान मुलाला कफ थुंकता येत नाही. मूल तो गिळत राहते, आणि मग एखाद्या पहाटे दूध आणि चिकट कफ एकदम ओकून टाकते. आपण घाबरतो, चादर बदलतो, आणि पाहतो तर त्याचा श्वास मोकळा झालेला, चेहरा शांत. खोकला हे त्या चिमुकल्या छातीचे काम आहे आणि ते काम बंद पाडणारे औषध मी वर्षानुवर्षे चमच्याने पाजत आले होते, हे उमजायला मला माझ्या नातीच्या उशाशी बसावे लागले. छिंदवाड्यानंतर सरकारनेही कळवले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत. वर्षभराच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध पुरतो. वर्षाच्या आत मात्र मधही द्यायचा नाही, आणि ते ऐकताना माझ्या मनात कालवाकालव झाली, कारण आमच्या घरात प्रत्येक बाळाला जन्मल्या दिवशी सोन्याच्या अंगठीने मध चाटवलेला आहे. सुनेने ते नाकारले तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता. आज मी तिच्या बाजूने आहे.

तापाच्या औषधाचे तसे नाही, ते लागते. पण तिथेही सुनेने मला एक गोष्ट दाखवली जी मी कधीच पाहिली नव्हती. पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या तिने खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. रंग तोच, चित्र तेच. एकीवर बारीक अक्षरांत लिहिले होते, पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम. दुसरीवर २५० मिलिग्रॅम. मात्रा वजनावर ठरते, किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर. आमची नात अकरा किलोंची, तिला पहिल्या बाटलीतले साडेसहा मिलिलिटर सांगितले होते. तेवढेच दुसऱ्या बाटलीतून दिले असते तर दुपटीहून अधिक औषध पोटात गेले असते. "आई, म्हणून चमच्याने देऊ नका, सिरिंजने द्या, आणि दिल्याची वेळ इथं लिहा," असे म्हणून तिने फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. त्या कागदावर आता तिचे, माझ्या मुलाचे आणि माझे, असे तीन हस्ताक्षरांतले आकडे एकाखाली एक आहेत. रात्री दोन वाजून दहा मिनिटे, ताप १०१.४. पहाटे सव्वा सात, ताप ९९. मुलगा लिहितो तेव्हा त्याचा सात अगदी त्याच्या वडिलांसारखा येतो.

यंदाच्या श्रावणात मात्र तिचा खोकला निराळाच झाला. ताप नाही, भूक नीट, दिवसभर बागडणे चालू. पण पहाटे चारच्या सुमारास एकामागून एक सात-आठ शिंका, पाण्यासारखे नाक, आणि मग कोरडा खोकला. तळहाताने नाक खालून वर घासायची तिला इतकी सवय लागली की नाकाच्या शेंड्यावर एक आडवी रेघ उमटली. डोळ्यांखाली सावळी छटा आली. मी निदान करून टाकले होते: गाजरगवत. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ते कमरेइतके माजले आहे, आणि १९५०च्या दशकात या गवताची देशातली सुरुवातीची नोंद आमच्या पुण्यातच झाली, हे आम्हा पुणेकरांना ठाऊक असतेच. मी महापालिकेला अर्ज लिहायलाही बसले होते. डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ती झोपते कशावर?" मी म्हणाले, "गोधडीवर. माझ्या आईच्या लुगड्यांची आहे." त्या क्षणभर गप्प राहिल्या. इतक्या लहान वयात बाहेरच्या परागकणांपेक्षा घरातल्या धुळीतले किडे बहुतेक वेळा कारण असतात, ते गादी-उशीत, मऊ खेळण्यांत, जुन्या कापडाच्या थरांत माणसाच्या गळलेल्या कातडीवर जगतात, आणि पावसाळ्यातली दमट हवा त्यांना मानवते, असे त्यांनी समजावून सांगितले.

ती गोधडी मी स्वतः ट्रंकेतून काढून तिला दिली होती.

आईने ती माझ्या बाळंतपणासाठी शिवली होती. तिच्या दोन इरकली लुगड्यांचे, एका धुवट नऊवारीचे आणि वडिलांच्या जुन्या धोतराचे थर, आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे, बोटाच्या पेराएवढे धावदोरे. माझा मुलगा तिच्यावर झोपला, मग ती तीस-पस्तीस वर्षे डांबराच्या गोळ्यांत पडून राहिली. नातीला त्या गोधडीत गुंडाळताना मला चार पिढ्या एकत्र निजल्यासारखे वाटायचे. आणि तिचाच तिला त्रास होत होता. मी काही न बोलता मोठे पातेले गॅसवर चढवले, कढत पाण्यात गोधडी बुडवली. जांभळा रंग पाण्यात उतरला आणि त्या वाफेला आईच्या लुगड्यांचा वास येतो आहे असे मला वाटले. तो खरोखर येत होता की माझ्या मनात होता, ते सांगता येणार नाही. ती भिजल्यावर इतकी जड झाली की आम्हा सासू-सुनांना दोन्ही टोके धरून पिळावी लागली. दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवली. तरी ती नातीच्या बिछान्यात परत गेली नाही. माझ्या पायथ्याशी आहे. नातीला साधी सुती चादर, जी आठवड्याला गरम पाण्यातून निघते, आणि एकच कापडी हत्ती. दोन-तीन आठवड्यांत पहाटेच्या शिंका ओसरल्या. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात काहीतरी हिरावून घेतल्याचे दुःखही होते.

डॉक्टरीणबाईंनीच मला छाती पाहायला शिकवले. खोकल्याच्या आवाजावर जाऊ नका, आजी, कपडे काढा आणि पाहा, असे त्या म्हणाल्या. मूल शांत किंवा झोपलेले असताना पूर्ण एक मिनिट पोटाचे वरखाली होणे मोजायचे. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास असले तर तो भरभर श्वास. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असला, नाकपुड्या फुलत असल्या, ओठ निळसर दिसले, मूल पाणी पीत नसले किंवा मलूल पडले असले, तर सकाळची वाट पाहायची नाही. आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊन दवाखाना टाळायचा, असाही याचा अर्थ नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. हे ऐकताना मला गडचिरोलीची आठवण झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खेड्यांतल्या दायांना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले, तेव्हा अडचण अशी आली की त्यांतल्या अनेक जणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग एक मण्यांची चौकट तयार झाली, सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की मुलाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार सुरू करायचे. अक्षरओळख नसलेल्या त्या बायका ते नीट करू लागल्या, आणि तिथले न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने निम्म्याहून खाली आले. ही हकीकत मला कुठल्याही मोठ्या शोधापेक्षा थोर वाटते. एका बाईच्या बोटाखालचा मणी आणि समोर उघड्या पोटाचे मूल.

दिवाळीच्या आधी नातीला पुन्हा ताप आला. मुलगा-सून दमून झोपली होती, रात्रीचा दीड वाजला होता. मी तिची बंडी वर केली. दिव्याच्या मंद उजेडात तिचे पोट उठत होते, बसत होते. श्वासाला नाकातली बारीक शिट्टी होती. मला आकडे येतात, तरी मी देव्हाऱ्यातली तुळशीची माळ घेतली आणि दर दहा श्वासांना एक मणी ओढला. तीन मणी झाले, आणि वर चार श्वास. ३४. मी बंडी खाली केली, कागदावर वेळ लिहिली, आणि माळ हातात तशीच राहिली. तेव्हा त्या तरुणाचे मूल समोर आले. पत्र्याच्या खोलीत सहा-सात माणसे दाटीने निजलेली असतील, मुलाच्या खोकल्याने सगळ्यांची झोप मोडत असेल, सकाळी सातला कामावर उभे राहायचे असेल. डॉक्टरकडे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, वर तपासणीचे पैसे. त्याने त्याच्या आवाक्यातले जे होते ते केले, आणि तेही मूल उचलून, कामावरून थेट येऊन. त्याला दोष द्यायला मला जागाच सापडत नाही. दोष त्या दुकानाचा होता, जिथे एका प्रश्नावर औषध ठरते. आणि माझा होता, कारण माझ्याजवळ पुढचे प्रश्न होते. मुलाच्या सदऱ्याचे एक बटण काढा एवढे म्हणायला मला काय लागले असते? मी दुकानात जाऊन चौकशीही केली. इतकी माणसे येतात, कसे लक्षात राहणार, असे उत्तर मिळाले, आणि ते खरेच होते. शेजारच्या बांधकामावर विचारले, तर तिथली टोळी दसऱ्यानंतर दुसऱ्या साइटवर गेली होती.

परवा त्याच दुकानात एक तरुण बाई पुढे होती. कडेवर वर्षा-सव्वा वर्षाची मुलगी, कानटोपी, लोकरीचा स्वेटर, नाक वाहते आहे. "खोकल्याचं औषध आहे का हो?" तिने विचारले, आणि काउंटरमागून तोच प्रश्न आला. ती उत्तर देणार तेवढ्यात मी म्हणाले, "ताई, जरा थांबता का? बाळाचा स्वेटर वर करून पाहू या." तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. अनोळखी म्हाताऱ्या बाईने असे म्हटल्यावर कोणीही पाहील. माझ्या नातीच्या डॉक्टरांनी शिकवले आहे, असे मी म्हणाले, आणि आवाज माझ्याही नकळत कापला. त्यावरच बहुधा ती विरघळली. दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. तिने मुलीला मांडीवर आडवे घेतले, स्वेटर वर केला, मग आतला झबला, मग त्याच्याही आतली बंडी. छोटेसे पोट गार हवेने शहारले. आतल्या भिंतीवर घड्याळ होते, त्याचा लाल काटा बारावर येईपर्यंत आम्ही दोघी थांबलो. एक, दोन, तीन. बारा. एकोणीस. तेवढ्यात मुलीने खोकून अंग आखडले, हात झटकले आणि ती रडायला लागली. आईने तिला खांद्याशी धरून थोपटले. थोड्या वेळाने ती शांत झाली, तेव्हा तिला पुन्हा मांडीवर घेतले, आणि काटा बारावर आल्यावर आम्ही परत एकपासून मोजायला सुरुवात केली.